चालत्या गाडीतला नमस्कार

आमच्या ह्यांचं नाव समाधान गांगुर्डे. मागच्या वर्षापर्यंत जेल रोडला कुणालाही विचारलं असतं, "शाळेच्या व्हॅनवाले गांगुर्डे काका कुठं राहतात?" तर माणूस पत्ता सांगायच्या आधी म्हणाला असता, "ते होय! देवमाणूस." देवमाणूस म्हणे! ओला टॉवेल पलंगावर टाकणारा आणि चहाचा कप खिडकीत विसरणारा माणूस उंबरा ओलांडला की देवमाणूस कसा होतो, ते मी लग्न झाल्यापासून बघत आले. पण ते असू द्या. मला सांगायचंय ते त्यांच्या नमस्काराबद्दल. सांगताना आजही माझी मान वर होत नाही, पण आमच्या गल्लीत ज्याला त्याला आपापली गोष्ट सांगायची हौस, तर म्हटलं निदान खरी तरी मीच सांगावी.

मी संजना. घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. माझं मशीन खिडकीशी आणि देव्हारा मशीनच्या बरोबर वर, त्यामुळे ह्यांची घरातली पूजा रोज माझ्या डोक्यावर व्हायची. पूजा कसली! आंघोळ करून आले की एक उदबत्ती पेटवायची, ती हवेत दोनदा फिरवायची आणि फिरवता फिरवता ओरडायचं, "संजना, माझा चार्जर कुठंय?" हात जोडले न जोडले तोवर शर्टाची बटणं लावायला सुरुवात. देवासमोर ह्यांचा गुडघा कधी जमिनीला टेकलेला मी पाहिला नाही. मी म्हणायचे, "अहो, देवाला काय हजेरी देताय का? जरा उभं तरी राहा नीट." तर म्हणायचे, "माझा खरा नमस्कार वाटेवर असतो. मारुतीला."

तो वाटेवरचा नमस्कार कसा सुरू झाला, ते मला पक्कं ठाऊक आहे. व्हॅन नवीन घेतली तेव्हा आम्हाला पोरंच मिळेनात. शाळेच्या फाटकाशी आधीपासून बारकूची व्हॅन उभी असायची. बारकू तोंडाचा फटकळ, पोरांवर खेकसायचा, पण जुना माणूस, म्हणून आया पोरं त्याच्याकडेच द्यायच्या. आमच्या गाडीत बसायला चार डोकी, तीही रडकी. व्हॅनवर घर चालायचं होतं, माझ्या पिकोवर काय भाजी येणार? हे रोज तोंड पाडून घरी यायचे.

आता शाळेच्या वाटेवर पाटाच्या कडेनं एक रस्ता जातो. त्या रस्त्याला उजवीकडे मोठं वळण आहे, आणि वळणावर, अगदी समोर, मारुतीचं देऊळ. देवळापुढं पिंपळाचा दगडी पार, आणि देवळामागं पाट. येणाऱ्या गाडीला वळायच्या आधी क्षणभर मारुती एकदम तोंडासमोर दिसतो. शेंदरानं लालभडक, डोळे वटारलेले. कुणाचाही हात आपोआप छातीकडे जाईल. नाशकात गाडीवर बसून कोण नमस्कार करत नाही? स्कूटीवरची पोरगी करते, रिक्षावाला करतो, एसटीचा ड्रायव्हर हॉर्न मारून करतो. आमच्या ह्यांनीही असाच एक दिवस केला. एक हात छातीला, तोच ओठाला, झालं.

तो नमस्कार समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून एका बाईनं पाहिला. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं लिहिलं म्हणे, जो माणूस देवाला विसरत नाही तो आपल्या मुलांना काय विसरणार. पुढच्या आठवड्यात गाडीत दोन पोरं वाढली. त्याच्या पुढच्या महिन्यात बारकूच्या गाडीतली तीन इकडे आली. आमचे हे काही खुळे नाहीत. कशानं काय झालं ते त्यांना बरोबर समजलं.

मग काय, नमस्कार वाढत चालला. एका हाताचे दोन हात झाले. मग मान खाली जायला लागली. मग स्टिअरिंग सोडून, हात छातीशी जोडून, डोळे मिटून, कपाळ पार स्टिअरिंगला टेकवायचं. गाडी सावकाश करायची, तेवढी अक्कल होती. आत पोरांनाही तेच शिकवलं. "चला रे, मारुती आला! हात जोडा. डोळे गच्च मिटा. फटीतून बघायचं नाय हां! उघड्या डोळ्यांचा नमस्कार मारुतीला पोचत नाय." आणि पोरं सगळी एका सुरात बजरंगबलीचा जयजयकार करायची, की गॅलरीतल्या आया कौतुकानं बघत राहायच्या. पोरं घरी जाऊन आजीला सांगायची, आमच्या काकांनी डोळे मिटायला शिकवलं. आज्या तर ह्यांच्यावर फिदाच.

एकदा मला दवाखान्यात जायचं होतं म्हणून मी त्या गाडीत बसले. वळण आलं, ह्यांनी दोन्ही हात सोडले, कपाळ टेकवलं, आणि मी अशी किंचाळले की पोरं घाबरून रडायला लागली. देवळापुढून गाडी वळली, नाही असं नाही. हे हसत होते. "अगं, गाडीला पण सवय झालीय. आपोआप वळती."

"आपोआप वळायला गाडी काय बैल आहे का?" मी म्हटलं. "अहो, नमस्कार करायचाच तर गाडी थांबवून, खाली उतरून करा. पायातल्या चपला काढा. हा काय चावटपणा!"

"रोज थांबलो तर शाळेला उशीर नाय का व्हायचा? आणि देव समोर असताना आपलं काय वाकडं होतंय?"

घरी आल्यावर मी पुन्हा बोलले, खूप बोलले. म्हटलं, तुम्ही मारुतीला नमस्कार करत नाही, त्या गॅलरीला करता. ते रागावले, जेवण अर्धं सोडून उठले. खरं बोललं की माणसाला लागतं. पण नमस्कार काही थांबला नाही.

मग ती सकाळ उजाडली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी मशीनवर बसले होते आणि ह्यांचा फोन आला. नुसतं "संजना, संजना" एवढंच म्हणत होते. मी मशीन तसंच सोडून धावत सुटले. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, तेही मला पारावर पोचल्यावर समजलं.

गाडी वळलीच नव्हती. सरळ जाऊन पाराच्या दगडावर डाव्या अंगानं आदळली होती. दार चेपलेलं, काच फुटलेली, पोरं पारावर रांगेत बसवलेली. कुणाच्या कपाळाला टेंगूळ, कुणाचा ओठ फुटलेला, डबे रस्ताभर सांडलेले. पुढच्या सीटवर यशश्री बसायची. तिसरीतली पोरगी, ह्यांची लाडकी, "काका काका" करून दिवसभराचं सगळं सांगणारी. तिचा डावा हात दारात चेपला होता. ती रडतही नव्हती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि तो हात बघवत नव्हता.

"काय झालं? काय झालं?" जो तो विचारत होता. आणि हे, आमचे हे, म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

मला वाटलं, खरंच आलं असेल. पाराजवळच्या चहाच्या टपरीवर एक पिवळं कुत्रं असतंच. एका पोराच्या बापानं तिथल्या तिथं त्याला दगड हाणला. ते केकाटत लंगडत पाटाकडे पळालं. हे बघत उभे राहिले.

यशश्रीचं कोपर मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाडात तार घातली. तिची आई अपूर्वाताई कॉलेजात शिकवतात, शांत बाई. दवाखान्यात मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझाच हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, समाधानभाऊंना सांभाळा. त्यांनी मनाला फार लावून घेतलंय." मला भरून आलं. किती चांगली माणसं, असं मनात आलं.

दुपारी घरी आलो. हे उंबऱ्यावर बसले, आत येईनात. चहा दिला, तो निवून गेला. मी सहज म्हटलं, "त्या टपरीवाल्याला सांगायला पाहिजे कुत्रं बांधून ठेव म्हणून."

"नव्हतं," हे म्हणाले.

"काय नव्हतं?"

"कुत्रं नव्हतं, संजना. हात जोडलेले होते. डोळे मिटलेले होते. गाडी वळली नाय, एवढंच."

मला आधी राग आला, असा राग की हातातला कप फेकून मारावासा वाटला. मग लाज वाटली. अपूर्वाताईंनी हातात घेतलेला माझा हात मला धुवून टाकावासा वाटला. मी म्हटलं, "उठा. आत्ताच्या आत्ता जा आणि सांगून या."

"सांगतो."

"कधी?"

"पोरगी घरी तर येऊ दे."

पोरगी घरी आली. मग म्हणाले, तिचा ताप उतरू दे. मग म्हणाले, टाके निघू देत. एक दिवस चिडून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता सांगून तिचं हाड जुळणार हाय का?" मी म्हटलं, तुमच्या मुठीत काय आहे ते मला माहितीय, सव्वा लाख नाहीत. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पोरांपैकी कुणी काही सांगेल, ही धास्ती त्यांना असायचीच. चोराच्या मनात चांदणं! पण पोरांना काही दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? सगळ्यांनी डोळे गच्च मिटले होते, काकांनी शिकवल्याप्रमाणे.

आणि लोकांनी काय करावं? लोकांनी ह्यांना शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मारुतीच्या मंडळाचे अध्यक्ष भिमाजीआण्णा पाराजवळ उभे राहून सगळ्यांना सांगत सुटले, "अहो बघा तरी, गाडी कुठं थांबली! देवाच्या पायाशी. पाराला अडली नसती तर मागं थेट पाटात. मारुतीनं हात आडवा घातला म्हणून पोरं वाचली. आणि का घातला? तर हा माणूस रोज न चुकता नमस्कार करतो म्हणून!" झालं. ते सगळ्यांना पटलं. पोरांच्या आया पेढे घेऊन घरी आल्या. माझ्या देव्हाऱ्यात पेढे ठेवले, ह्यांच्या पाया पडायला पोरांना वाकवलं. ती पोरं वाकायला लागली की हे पाय मागं घ्यायचे. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस.

घरात मात्र काय झालं होतं ते मला दिसत होतं. सकाळी आंघोळ करून हे देव्हाऱ्यापुढं उभे राहायचे. उदबत्ती पेटवायचे, लावायचे. मग हात तसेच लोंबते राहायचे. जोडायला म्हणून थोडे वर यायचे आणि परत खाली. चार्जर नाही, मोबाईल नाही, बटणं नाहीत. पूर्वी एका जागी ठरत नव्हते, आता तिथून हलत नव्हते, आणि तरी नमस्कार होत नव्हता. मी मशीन थांबवून बघायचे. वाईट वाटायचं आणि संतापही यायचा. एकदा न राहवून म्हटलं, "देवापुढं उभं राहून काय होणार? ज्यांच्यापुढं उभं राहायला पाहिजे त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे."

"मला माहितीय," म्हणाले. पण गेले नाहीत.

मग भिमाजीआण्णांनी टूम काढली, शनिवारी आरतीनंतर समाधानचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. मंडळाचा फलक लागला, त्यावर ह्यांचा फोटो, हात जोडलेला. तो फोटो कुणी कधी काढला होता कोण जाणे. मी फलक बघितला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना म्हटलं, "त्या शालीला हात लावलात तर मी ह्या घरात राहणार नाही. आजारी आहे म्हणून सांगा, गावाला गेलोय म्हणा, काही करा. नाहीतर खरं तरी बोला."

त्यांनी उठून शर्ट भिजत घातला. शनिवारी संध्याकाळी स्वच्छ धुतलेला शर्ट घालून निघाले. मीही गेले. का गेले? एकट्याला सोडवेना, दुसरं काय.

देवळापुढं सतरंजी अंथरली होती. व्हॅनमधली सगळी पोरं आईबापांबरोबर आलेली. अपूर्वाताई यशश्रीला घेऊन आल्या होत्या. तिचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा. आरती झाली. भिमाजीआण्णांनी लांबलचक भाषण केलं, आणि मग शाल उलगडून म्हणाले, "या समाधान, आधी मारुतीरायाला तुमचा तो नमस्कार करा. सगळ्यांना बघू द्या."

हे पुढं गेले. मूर्तीसमोर उभे राहिले. आणि हात वर येईनात. सगळे बघत होते. पोरं हात जोडून तयार होती, डोळे मिटायला नुसती काकांची वाट बघत होती. हे दोन्ही हात पँटीला घट्ट धरून उभे. मागून कुणी तरी कुजबुजलं, कुणी तरी हसलं. भिमाजीआण्णा म्हणाले, "अहो करा ना! लाजताय काय?"

तेवढ्यात यशश्री आईचा हात सोडून पुढं आली. ह्यांचा शर्ट तिनं मागून ओढला.

"काका, एक विचारू?"

हे वळले. तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. देवापुढं न टेकलेले गुडघे त्या दिवशी तिच्यापुढं टेकले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मला तर कुत्रं दिसलंच नाही," ती म्हणाली. "मी डोळे मिटले होते ना. पण तुम्ही पण रोज मिटता. मग तुम्हाला कसं दिसलं? तुम्हाला डोळे मिटून दिसतं? मला पण शिकवा ना."

तिला काही शंका नव्हती हो. खरंच शिकायचं होतं तिला. आजूबाजूच्या दोन आया कौतुकानं "अगं बाई!" म्हणाल्या. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मी ह्यांच्याकडे बघत होते. आता जर ह्यांनी काही थाप मारली असती, मारुतीनं दाखवलं म्हणाले असते, तर सगळ्यांनी तीही पदर पसरून घेतली असती. एवढं सोपं होतं ते.

"कुत्रं नव्हतं, बाळा," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"कुत्रं आलंच नव्हतं. मी खोटं बोललो. माझे हात सुटले होते, डोळे मिटले होते, म्हणून गाडी वळली नाय. तुझा हात माझ्यामुळं मोडला." मग उभे राहिले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "आणि तो नमस्कार पण देवासाठी नव्हता. तुम्ही बघावं, पोरं माझ्या गाडीत द्यावीत, म्हणून होता."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग एका पोराच्या बापानं येऊन ह्यांची कॉलर धरली. कुत्र्याला दगड हाणला होता तोच. बायका एकदम बोलायला लागल्या. कालपर्यंत माझ्या दारात पेढे घेऊन आलेली बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिलाही माहिती असणार!" माहिती होतंच की. भिमाजीआण्णा शालीच्या घड्या घालत बसले.

"सोडा त्यांना," अपूर्वाताई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, तरी त्या माणसानं कॉलर सोडली. त्या ह्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "हिला ऑपरेशनला आत नेताना ही काय विचारत होती, माहिती आहे समाधानभाऊ? कुत्रं वाचलं का, असं विचारत होती. आणि काकांना कुणी रागवू नका म्हणत होती." त्यांनी यशश्रीच्या पायात चपला घातल्या.

यशश्री हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे बघत होती. कुत्र्यासाठी आणला होता तिनं. तिनं तो पाराच्या कडेला ठेवला आणि आईबरोबर गेली. मागं वळून तिनं पाहिलं नाही.

सोमवारी आमच्या गाडीत एकही पोर नव्हतं. सगळी बारकूकडे गेली. खेकसतो, पण हात स्टिअरिंगवर ठेवतो. ह्यांनी गाडीतल्या सीटा काढून टाकल्या आणि पाण्याचे जार पोचवायचं काम धरलं. वाट तीच, पाटाची, कारण दुसरी लांबून पडते. टपरीवर बसलेली रिकामटेकडी माणसं ओरडतात, "काय समाधान, आलं का कुत्रं आडवं?" हे ऐकून घेतात. मला मात्र ऐकवत नाही. एकदा मी गाडीत होते तर खाली उतरून त्यांना चांगलं फैलावर घेतलं. हे म्हणाले, "बस गाडीत. खोटं काय बोलले ते?"

टपरीवरचं ते पिवळं कुत्रं अजून थोडं लंगडतं. हे त्याला रोज पाव घालतात. तेवढंच.

परवा शनिवारी माझ्या मनात आलं, किती दिवस असं चालायचं? माणसानं देवाला तोंड किती दिवस चुकवायचं? म्हटलं, चला, मारुतीला जाऊन येऊ. गाडी नको, चालत जाऊ. हे नको नको म्हणत होते, मी हाताला धरून नेलं. उन्हं उतरली होती, देवळात फारसं कुणी नव्हतं. फक्त अपूर्वाताई होत्या, आणि यशश्री.

आम्ही चपला काढायच्या जागी थांबलो. त्यांचं लक्ष नव्हतं. यशश्रीचं प्लास्टर केव्हाच निघालंय, पण कोपर पुरतं वाकत नाही, हे आम्ही गल्लीतून ऐकलं होतं. ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. पोरीनं मारुतीपुढं हात जोडले. उजवा हात वर छातीशी आला, डावा मध्येच अडकला. मग तिनं उजवाच खाली नेला आणि दोन्ही पोटापाशी जोडले. आई तिचं कोपर धरून हळूहळू वर ढकलायला लागली, "थोडं अजून, डॉक्टरांनी सांगितलंय ना रोज करायला." पोरीनं दुखून ओठ दाबला. हात काही वर आले नाहीत. डोळे तिचे उघडे होते, सताड उघडे.

बाहेर येताना अपूर्वाताईंनी आम्हाला पाहिलं. मान थोडी हलवली, की मला तसं वाटलं. यशश्री ह्यांच्याकडे बघत राहिली, आईनं हाक मारली तशी गेली.

मग हे आत गेले, मी मागं. गाभाऱ्यापुढं जाऊन हे गुडघ्यांवर बसले. कितीतरी वेळ नुसतेच बसले. मला वाटलं, आजही नाही होणार. पण मग हात हलले. हळूहळू एकमेकांना लागले, आणि पोटापाशीच थांबले.

माझा स्वभाव तुम्हाला माहितीच झालाय एव्हाना. मी म्हटलं, "अहो, इतक्या दिवसांनी करताय, तर नीट तरी करा. हात छातीशी घ्या. देवापुढं असं काय अर्धवट?"

त्यांनी डोळे मिटले नव्हते. मारुतीकडे बघतच म्हणाले, "तिचे इथपर्यंतच येतात."